आत्याचं लग्न

शेवंतीआत्या बावन्नाव्या वर्षी अचानक गेली. भाईंदरच्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र शिकवायची; लग्न केलं नव्हतं. "बिनलग्नाची बाई भूत होऊन फिरते. आधी रुईच्या झाडाशी लग्न लावा, मगच उचला," काका अडून बसले.

"जन्मभर नाही म्हणत आली ना ती!" भाची संचिता रडत म्हणाली. कुणी ऐकलं नाही. रुईची फांदी शेजारी ठेवून आत्याला हळद लावलीच.

तेव्हापासून तो पिवळा चेहरा संचिताला भरदिवसा, वर्गात शिकवतानाही दिसू लागला. ती पस्तिशीची, पीएचडी झालेली, आत्यासारखीच अविवाहित. शेवटी तिने कागदावर लिहिलं, "मी मेल्यावर माझं लग्न लावू नये," आणि साक्षीला एकटी राहणारी मैत्रीण पिंकी हिला बोलावलं.

पिंकी हसली नाही. सही करून म्हणाली, "माझ्यासाठीपण एक लिही."