लांब भोंगा

मी बॉयलरघराच्या छपरावरचा भोंगा. नीट ऐका. चाळीस वर्षं माझं तोंड बांधलेलं होतं, आता मी कुणाच्या बापाला भीत नाही.

हे बेट म्हणजे समुद्रातला मूठभर खडक. त्यावर चुन्याचा कारखाना उभा राहिला आणि मी इथे आलो. माझी भाषा सोपी होती. आखूड भोंगा म्हणजे पाळी बदलली. लांब, न थांबणारा भोंगा म्हणजे कामावर माणूस दगावला. तो ऐकला की पलीकडच्या काठावरची बायकामाणसं होड्या काढून यायची आणि एकच विचारायची, "कुणाचा?" उत्तर मिळेपर्यंत कुणी जागचं हलत नसे.

माझी दोरी बॉयलरवाल्याच्या हातात असायची. मोठा थट्टेखोर माणूस! "काय रे बोंबल्या, झोप झाली का?" म्हणत मला तेल द्यायचा.

एके दिवशी वाफेचा नळ फुटला आणि तो जागीच गेला. नेमकं तेव्हाच कारखाना बघायला बडं गिऱ्हाईक आलं होतं. मालक पहारेकऱ्यावर खेकसला, "भोंगा वाजला तर याद राख!" माझ्या तोंडात चिंध्या कोंबल्या. बॉयलरघरातच खड्डा खणून त्याला पुरलं, वर फरशी बसवली. आणि काठावर आवई उठवली, की बॉयलरवाला नोकरी सोडून पळाला.

त्याची बायको रोज संध्याकाळी धक्क्यावर येऊन उभी राहायची. सख्खा दीर तोंडावर म्हणाला, "वहिनी, कशाला वाट बघता? गेला तो दुसरीबरोबर." मी वरून सगळं बघत होतो. डूख काय फक्त सापच धरतो?

पुढे कारखाना बुडाला. मालक अंथरुणात सुखाने मेला, याची चरफड मला आजही आहे. मग त्याच्या मुलाने इथे हॉटेल काढलं. बॉयलरघराचं जेवणघर झालं. माझ्या तोंडातल्या चिंध्या उपसल्या, मला लाल रंग फासून हवेची टाकी जोडली. उद्घाटनाला मुलगा पाहुण्यांना म्हणाला, "इथे माणसं हसतखेळत राबली. कुणाला साधं खरचटलंही नाही. वाजवा रे भोंगा, चांगला लांबलचक!"

बापाने पोराला माझी भाषा शिकवलीच नव्हती.

मी सुटलो. "पुरे, पुरे! बंद करा!" तो ओरडला. पण गंजलेली झडप एकदा उघडली ती मी मिटूच दिली नाही. टाकी रिकामी होईपर्यंत बोंबललो.

पलीकडून होड्या निघाल्या. पहिल्या होडीत बॉयलरवाल्याची बायकोच होती, केस पार पिकलेले. ती तडक जेवणघरात शिरली. "कुणाचा?"

मुलगा कसनुसा हसला. "आजी, अहो नुसती गंमत..."

"कुणाचा?"

दारातल्या त्याच जुन्या, आता म्हाताऱ्या झालेल्या पहारेकऱ्याने टोपी काढली. टेबलाखालच्या फरशीकडे बघत तो म्हणाला, "वहिनी, तुमचाच. इथेच आहे. पळाला नव्हता हो तो."

ती खाली बसली आणि फरशीवर हात फिरवू लागली. पाहुणे ताटं टाकून उठले.

आता कुदळी आल्या आहेत. मुलगा सगळ्यांपुढे हात जोडतोय. मला उद्या भंगारात घालणार असाल तर खुशाल घाला. पण आधी ती टाकी पुन्हा भरा. माझ्या दोस्ताला होडीत ठेवाल तेव्हा मला वाजायचं आहे, आणि मालकाच्या पोराला माझ्याखाली उभं करा. त्याने कान झाकले, तर हात धरून ठेवा.