घडीची सायकल

चाकाचा शोध लागला तेव्हा माणूस जनावरापासून वेगळा झाला; पण चाकाला घडी घालायचा शोध लागला तेव्हाच तो खऱ्या अर्थानं स्वतंत्र झाला, असं शेषरावांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी अमरावतीच्या इतवाऱ्यात, इमामभाईच्या सायकलच्या दुकानात बनवलं. त्याला एकूण अर्धा तास लागला. त्यातला निम्मा चहात गेला.

शेषराव बडनेरा रस्त्यावरचे माळी. विहिरीखाली सहा एकर वाडी, तीत वांगी, मिरची, सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाच्या कडेनं शेवंती. वय अठ्ठेचाळीस. या वयात माणसाला सायकल घ्यावीशी वाटली तर घरचे आधी त्याच्या कपाळाला हात लावून पाहतात. पण शेषरावांकडे सबळ कारण होतं, आणि ते अकोल्याला राहत होतं.

त्यांची एकुलती लेक शकुन अकोल्याला दिली होती. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीनं माहेरी यायचं आणि तिला आणायला माहेरचा मुऱ्हाळी जायचा, हा रिवाज. शकुनचे सासरे उत्तमराव फुलांचे व्यापारी आणि रिवाजाचे पक्के. "माहेरचं मानूस दारात आल्याबिगर सून उंबरठा वलांडत नाई," हे वाक्य ते अशा थाटात म्हणत, की जणू सरकारनं ते त्यांच्या नावानं छापून काढलं आहे. मागच्या अखाजीला शेषराव तीन दिवस अमरावतीच्या मोटार स्टँडवर उभे राहिले. लढाईमुळं मोटारी मोजक्या, माणसं मात्र पूर्वीइतकीच. चौथ्या दिवशी जागा मिळाली आणि ते अकोल्याला पोचले तेव्हा सण होऊन गेला होता.

"सन त झाला, इवाई," उत्तमराव म्हणाले होते. "आता नेऊन काय करता? पुढच्या साली या. जरा लवकर निंगा."

आतल्या खोलीत शकुन बांधलेलं गाठोडं मांडीशी घेऊन बसली होती. तिनं ते मुकाट्यानं सोडलं. शेषरावांना ते दारातून दिसलं, आणि पुढं वर्षभर वांग्यांना पाणी देताना तेच दिसत राहिलं.

म्हणून यंदा मोटारीच्या भरवशावर जायचं नव्हतं. बडनेऱ्याहून रेल्वे होती, पण एकदा तिनं त्यांच्या डोळ्यांदेखत फलाट सोडला तेव्हापासून शेषरावांनी तिचं नाव टाकलं होतं. राहिली सायकल. अकोला साठ मैल. मूर्तिजापूरला मुक्काम केला तर दोन दिवसांचं काम. पण मग येताना लेकीला कशावर आणायचं? या प्रश्नाशी शेषराव दोन महिने अडले होते, आणि त्याचं उत्तर इमामभाईच्या दुकानात भिंतीला टेकून उभं होतं.

दुकानात तीन सायकली होत्या. पहिली विलायती, काळी, इतकी उंच की तिच्यावर चढायला ओटा लागला असता. दुसरी बायकांची, दांडा नसलेली. तिच्याकडे शेषरावांनी पाहिलं नाही, कोणी पाहताना पाहू नये म्हणून. तिसरी हिरवट रंगाची, लष्करी लिलावातून आलेली. तिच्या दांड्यांना मधोमध बिजागऱ्या होत्या.

"ही फौजी चीज हाय, शेषरावभाऊ," इमामभाई म्हणाला. "गोरा सोजीर विमानातून उडी मारे, ते हिले संग घेऊन. खाली उतरला का उघडली, अन् चालू पडला." त्यानं दोन पेच फिरवले, सायकल कोपरासारखी मुडपली, मागचं चाक पुढच्या चाकाशेजारी जाऊन बसलं.

"अन् हवेतच उघडली त?"

"मंग सोजीर हवेत चालवे. तुमी काहून काळजी करून राहिले? तुमाले कुठून उडी मारायची हाय?"

शेषरावांनी स्वतः एकदा घडी घातली, एकदा उघडली. बोट चिमटलं, तरी त्यांचा चेहरा उजळला. जाताना चालवायची, येताना लेकीसोबत मोटारीत बसायचं, अन् ही घडी करून बाकाखाली. टपावर जागा नसली तरी कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

खरी गोष्ट अशी, की हे सगळं गणित बरोबर असलं तरी शेषरावांना अजून एक गोष्ट हवी होती, आणि ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. त्यांना एकदा, आयुष्यात एकदाच, हातात काही न घेता रस्त्यानं जायचं होतं. माळ्याचा जन्म, बाजाराला गेले तर डोक्यावर टोपली, परत आले तर हातात पेंड, लग्नाला गेले तर हारांचा भारा. सायकलीवर एक धोतर, एक सदरा आणि पाणी, एवढंच घेऊन जायचं असं त्यांनी मनाशी ठरवलं.

हे त्यांनी बायकोला सांगितलं ही पहिली चूक.

"धोतर, सदरा अन् पानी," पार्बताबाई म्हणाल्या. "इहीन बाई विचारतीन, का व्हो, माहेरून काय आनलं, त शकुन काय सांगन? माह्या बाबानं पानी आनलं म्हनून सांगन?"

"सायकल हलकी पायजे. फौजी हाय ते."

"फौजेले लेक द्याची नव्हती न."

मग कुरड्या आल्या. पापड आले. सरगुंडे आले, ते मोडू नयेत म्हणून भुशाचा डबा आला. पाच शेर वांगी, कारण अकोल्याची वांगी म्हणजे नुसतं पाणी, हे बडनेरा रस्त्यावर सर्वमान्य होतं. शेजारच्या दुर्गाबाईंनी आपल्या अकोल्याच्या बहिणीसाठी लोणच्याची बरणी आणून ठेवली. "जाऊनच राहिले त एवढी नेजा, भाऊ. तेवढ्यानं का वजन होते?" असं म्हणणारे त्यांच्यामागून आणखी चारजण आले. तेवढ्यानं वजन होत नाही असं प्रत्येकाचं मत होतं, आणि प्रत्येकाचं प्रत्येकापुरतं खरं होतं.

उन्हासाठी पाण्याची छागल दांडीला लटकली. लू लागू नये म्हणून दोन कांदे सदऱ्याच्या खिशात गेले. छत्री बसवायला एक नळी लागली. पण मूळ सामान ठेवायलाच सायकलीला मागं काही नव्हतं. सोजीर बहुधा लोणचं नेत नसत. तेव्हा पार्बताबाईंनी सायकल पुंजाराम लोहाराकडे धाडली, कॅरिअर बसवायला. शेषराव तेव्हा मिरचीच्या तोडणीत होते. सायकल लोहाराकडे एकटी गेली, ही दुसरी चूक.

पुंजाराम इमानदार कारागीर. बैलबंडीच्या धावेतून उरलेल्या लोखंडाचा त्यानं असा कॅरिअर केला की त्यावर म्हशीची वगार बसवून नेली असती. सायकल परत आली तेव्हा पार्बताबाईंनी लागलीच तिच्या मधल्या दांड्यावर जुन्या धान्यपोत्याची शिवलेली झोळी चढवली आणि तीत कुरड्या भरल्या.

"पुंजाराम म्हने," त्यांनी शेषरावांना सांगितलं, "सायकलीची कंबर ढिली होती, ते बी पक्की करून देली. तेचे पैसे नोको म्हने."

"कामाचा मानूस हाय," शेषराव म्हणाले. पेच कसले असतील, असं त्यांना वाटलं.

अखाजीला चार दिवस असताना, उजाडायच्या आधी ते निघाले. बाहेर पडताना छत्री कवाडाला अडकली. वाटेवरच्या लोकांना आधी गाठोडी दिसत, मग छत्री, आणि बऱ्याच वेळानं माणूस. बडनेऱ्याच्या पुढं काळी जमीन दोन्ही बाजूंनी भेगाळून पडली होती आणि रस्त्यावर सावली म्हणून फक्त मैलाचे दगड होते. बाभळीखाली टेकलेल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "बिऱ्हाड हालवून राहिले काय?" चढाला त्यांना उतरावं लागे, आणि उतारालाही, कारण वांग्यांना ब्रेक कळत नव्हता. तरी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली: सायकल कमरेत जराही हलत नव्हती. दगडासारखी एकसंध होती. पुंजारामाला त्यांनी मनातल्या मनात दोनदा दुवा दिली.

मूर्तिजापूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी ते अकोल्याला उत्तमरावांच्या दारात उतरले. तीन दिवस आधी. शकुन पाण्याचा तांब्या घेऊन आली, बापाच्या भाजलेल्या तोंडाकडे पाहून हसली, आणि डोळ्यांना पदर लावला.

"यंदा त इवाई लयच लवकर," उत्तमराव म्हणाले. सायकलीभोवती ते एक फेरी मारून आले. "अन् नेता कशी पोरीले? छत्रीवर?"

"मोटारीत. सायकलची घडी होते. बाकाखाली टाकतो."

"घडी." उत्तमरावांनी आपल्या मुलाकडे पाहिलं. "सायकलची घडी. उद्या बैलाची करतीन."

"उद्या स्टँडवर पाहून घ्या," शेषराव म्हणाले. लेकीचा बाप झाल्यापासून इतक्या ऐटीत ते कोणाशी बोलले नव्हते.

त्यामुळं दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमराव स्वतः दमणी जुंपून स्टँडवर आले, आणि येताना फुलबाजारातले चारजण घेऊन आले. शेषरावांना तिकिटं मिळाली. त्यासाठी ते तांबडं फुटल्यापासून खिडकीला धरून उभे होते. शकुन खिडकीजवळच्या बाकावर बसली, तिच्या शेजारी अमरावतीच्याच गंगूबाई नावाच्या आजी. टपावर धान्याची पोती, ट्रंका, आणि दोन कोंबड्यांचे डालगे यांमध्ये बोटभर जागा नव्हती.

"सायकल टपावर येत नाई," कंडक्टर म्हणाला.

हे ऐकायला शेषराव दोन महिने थांबले होते. त्यांनी सावकाश दुपट्टा कमरेला बांधला. फुलबाजार पुढं सरकला. रिकामी झोळी त्यांनी दांड्यावरून सोडवली आणि बाजूला केली.

दोन्ही बिजागऱ्यांवरून, आरपार, बोटभर जाडीच्या लोखंडी पट्ट्या मारलेल्या होत्या. प्रत्येकीला सहा रिबटा. पुंजारामाला सायकलीचे दांडे मधोमध मोडलेले दिसले होते. कोणा अडाण्यानं नुसत्या पेचांवर ते धकवले होते, आणि त्याच्यासारखा कारागीर ते तसे ठेवणं शक्य नव्हतं.

शेषरावांनी पेच फिरवले. पेच फिरले. सायकल तशीच उभी राहिली.

"झाली काय घडी?" उत्तमरावांनी अगदी हळू विचारलं.

"घडी करता का बाजूले होता?" कंडक्टर म्हणाला. "गाडी निंगाची हाय. अखाजीवरी एकबी तिकीट नाई आता."

शेषरावांनी खिडकीकडे पाहिलं. शकुनच्या मांडीवर तेच मागच्या वर्षीचं गाठोडं होतं. मग त्यांनी सायकलीकडे पाहिलं, आणि हँडल उत्तमरावांच्या दिशेनं पुढं केलं.

"इवाई, राहू द्या हे तुमच्या गोठ्यात."

"राहू द्या न," उत्तमराव म्हणाले, जरा जास्तच लवकर. त्यांचा हात सीटवर पोचलाही होता. "मले बी बगिच्यात जायाले—"

"बाबा," शकुन खिडकीतून म्हणाली. "तुमी सायकलनं या. मी चालली."

"एकटी?" उत्तमराव म्हणाले. "मुऱ्हाळ्याबिगर?"

शकुननं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "मामंजी, मुऱ्हाळी त आले न घरी. उंबरठा तेईनंच वलांडवला. आता इथून पुढं मोटार नेते, तिले का मी वाट दाखवू?"

"अन् मी हाओ न बाजूले," गंगूबाई म्हणाल्या. "बसवा वो तिचं सामान. अन् तुमी, सायकलवाले, ते छत्री बी द्या इकडं. तुमाले लागत नाई, मले ऊन येऊन राहिलं."

उत्तमरावांनी रिवाज आठवून पाहिला. त्यात स्टँडचा उल्लेख नव्हता. त्यांनी सीटवरचा हात काढून घेतला.

मोटार गेली. विहिणीनं दिलेल्या शेवया गेल्या, भुशाचा डबा गेला, रिकाम्या बरण्या गेल्या, छत्री गेली. सायकलीवर शेषराव राहिले, एक धोतर, एक सदरा आणि छागल.

त्या दोन दिवसांबद्दल शेषराव पुढं फार बोलत नसत, कारण सांगण्यासारखं काही घडलंच नाही. बोरगावला त्यांनी एका विहिरीवर अंघोळ केली. कुरमजवळ निंबाखाली दुपारभर झोपले. एका मळेवाल्यानं दोन आंबे दिले, ते बसून खाल्ले, आणि कोया मागं टाकून निघाले. कोयासुद्धा कोणासाठी न्यायच्या नव्हत्या. मूर्तिजापूरच्या अलीकडे रस्त्यातल्या एका खड्ड्यात चाक असं गेलं की दुसरी कुठली सायकल मधोमध तुटली असती. ही तुटली नाही. शेषरावांनी खाली वाकून पट्टीवर हात फिरवला, आणि पुन्हा स्वार झाले. उताराला त्यांनी पाय पायडलांवरून उचलून पसरले, इकडंतिकडं पाहून.

अखाजीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ते घरी पोचले. शकुन ओट्यावर सांभार निवडत होती. पार्बताबाईंनी आधी सायकलीच्या मागं पाहिलं.

"काहीच नाई आनलं?"

"नाई," शेषराव म्हणाले, आणि पाय धुवायला गेले.

सण झाल्यावर त्यांनी सायकल पुंजारामाकडे नेली. पट्ट्या काढता येतील का, विचारलं.

"भाऊ," पुंजाराम दुखावून म्हणाला, "म्या मारेल रिबट निंगत नसते."

"तेच पाह्यत होतो," शेषराव म्हणाले.

पुढच्या अखाजीला शकुनला आणायला कोणी गेलं नाही. तिचं कार्ड आलं, की बुधवारच्या मोटारीनं येते, आणि बुधवारच्या मोटारीनं ती आली. चार तास लागले.