साकिशचं हसू

“मला काढा त्यातून,” साकिश म्हणाली.

पडद्यावरचं शेवटचं चित्र नुकतंच विझलं होतं. कुणीतरी दोरी ओढून तंबूच्या छतावरचा नमदा बाजूला केला आणि दुपारचं ऊन धाडकन मध्ये येऊन पडलं. कुरणावरची सगळी बिऱ्हाडं त्या एका मोठ्या तंबूत दाटीवाटीने बसली होती. स्वतःला पडद्यावर बघून म्हातारे खूश होते, बायका एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. साकिश एकटीच उभी होती. डोक्याला काळा रुमाल, हात पोटाशी घट्ट धरलेले.

“कशातून काढू, लेकी?” बुरुल एजेंनी विचारलं.

“तुमच्या पिक्चरमधून. मी हसतेय ना, ते काढून टाका.”

मी सिनेमाच्या यंत्राशेजारी बसले होते. एजेंच्या चित्रपटांची कापाकापी आणि जोडणी मी करायचे. लढाईच्या दिवसांत युक्रेनमधल्या खारकिव्हहून गाडीत कोंबून आम्हाला इथे कीर्गीजांच्या राजधानीत, फ्रुंझला आणलं, तेव्हापासून मी तिथलीच झाले. त्या माझ्याहून थोरल्या, म्हणून सगळ्यांसारखी मीही त्यांना एजे, म्हणजे ताईच म्हणायचे. त्या मात्र मला कधी क्लावा म्हणत, कधी कात्री.

साकिश म्हणत होती ते चित्र माझं पाठ होतं. ती घोडीचं दूध घुसळत बसलेली असते. एक शिंगरू येतं, बादलीत तोंड घालतं आणि शिंकतं. त्याचं नाक, पापण्या, सगळं पांढरं. साकिश त्याला हाकलायला हात उचलते आणि मध्येच तिचा बांध फुटतो. मान मागे टाकून ती हसत सुटते. रुमाल घसरतो, मागे सोंग-कुलचं तळं चमकत असतं. कॅमेरा धरणारासुद्धा हसत होता, म्हणून चित्र किंचित हलतं. सगळ्या चित्रपटात त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं.

पण साकिशचा नवरा ईसेन त्याच वसंतात घाटात बर्फाखाली सापडला होता. वर्षश्राद्ध व्हायचं होतं. तोवर तिला काळा रुमाल.

“शिंगरू शिंकलं म्हणून हसलीस ना? त्यात काय वाईट?” एजे हळूच म्हणाल्या.

“तुम्हाला ठाऊक आहे शिंगरामुळे हसले. खाली तालुक्याच्या थेटरात ईसेनचे चुलते बसतील, मावश्या बसतील. त्यांना शिंगरू दिसणार नाही. त्यांना रुमाल दिसेल आणि माझे दात दिसतील.” एवढं बोलून ती बाहेर पडली.

एजेंची ही पद्धतच होती. ज्यांचं चित्र घेतलं त्यांना ते आधी दाखवायचं, मग वरच्या साहेबांना. असं दुसरं कोणी करत नव्हतं. तरुणपणी त्या घोडागाडीतून सिनेमाचं यंत्र घेऊन गावोगाव फिरायच्या. कीर्गीज पोरगी, केस कापलेले, स्वतः गाडी हाकणारी. लोक सिनेमापेक्षा तिलाच बघायला जमायचे. एकदा त्यांनी एका गावात आलेली वार्ताफीत लावली. तीत त्याच गावचा एक म्हातारा मेंढपाळ ‘जुनाट विचारांचा माणूस’ म्हणून दाखवला होता. त्याला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं. सगळं गाव हसलं. म्हातारा उठला, टोपी नीट केली आणि निघून गेला. “क्लावा, यंत्राचा दांडा माझ्याच हातात होता,” त्या सांगायच्या. “फिरवायचं थांबवता आलं असतं. मी फिरवतच राहिले.”

पुढे त्या मॉस्कोला शिकल्या. लढाईत कॅमेरा उचलला. आमच्या प्रजासत्ताकात दिग्दर्शक म्हणून पडद्यावर नाव आलेली पहिली बाई त्याच. पहिला चित्रपट आला तेव्हा स्टुडिओतले पुरुष ‘पोरीचा सिनेमा’ म्हणाले आणि तिसऱ्या आठवड्यालाही थेटर भरलेलं बघून गप्प बसले. दुसरा मात्र ‘फार उदास आहे’ म्हणून कपाटात गेला. त्यानंतर तीन वर्षं त्यांच्या वाट्याला फक्त धरणं, ट्रॅक्टर आणि उद्घाटनाच्या फिती कापणारे साहेब. कुरणावरचा हा चित्रपट मोठ्या मिनतवारीने मिळाला होता. आमच्या स्टुडिओचे मुख्य ओर्मोनसाहेब यांनी कच्चं चित्रण बघून टेबलावर थाप मारली होती. “या बाईच्या हसण्यावर पिक्चर मॉस्कोला जाणार, बुरुल! आणि त्यामागून तूही!”

हे सगळं माझ्या डोक्यात होतं. म्हणून जीपपाशी गाठून मी एजेंना अडवलं.

“एजे, हो म्हणू नका.”

“मी काही म्हटलंय का अजून?”

“तुमचा चेहरा म्हणतोय. अहो, ती आज नको म्हणते. वर्षाने रुमाल सुटेल, दोन वर्षांनी स्वतःच म्हणेल, कशाला काढलंत!”

“म्हणेलही.”

“मग? परत ट्रॅक्टर करायचेत का?”

“ट्रॅक्टर वाईट नसतात गं. तक्रार करत नाहीत.”

“चेष्टा पुरे. आयुष्यात असं एकदाच मिळतं!”

“मिळालं की. तू बघितलंस, मी बघितलं. मिळालं नाही असं कुठे झालं?”

मी चिडून जीपच्या चाकाला लाथ मारली आणि अंगठा दुखावून घेतला. त्या हसल्या आणि घोड्या बांधल्या होत्या तिकडे निघाल्या. मी लंगडत मागे.

साकिश दूध काढत होती. एजे तिच्या शेजारी गवतात फतकल मारून बसल्या. बादलीत धार पडत होती.

“रागावलात?” साकिशने वर न बघता विचारलं.

“ही रागावलीय.” एजेंनी माझ्याकडे बोट केलं. “मी विचार करतेय.”

“मला त्या दिवशी घरी गेल्यावर कसंतरीच वाटलं. कुणी बोललं नाही मला. माझं मलाच. हसताना मला तो आठवलाच नव्हता. जरासुद्धा नाही. आज ते मोठं करून समोर लावलंत तुम्ही.”

एजेंनी मान हलवली.

एवढ्यात ईसेनची आई कुलिपा म्हातारी काठी टेकत आली. डोक्याला तिथल्या म्हाताऱ्या बायका बांधतात तसं जाडजूड पांढरं पागोटं, कमरेत वाकलेली, पण जीभ ताठ.

“काय गं, तुझ्या हसण्यावर सभा भरलीय म्हणे?” ती सुनेला म्हणाली. “राहू दे ते पिक्चरमध्ये.”

साकिशचा हात थांबला. “आई?”

“घरात बाई हसली की मला वाटतं तो दाराशी काहीतरी बडबडतोय. तोच हसवायचा ना तुला. मला बघायचंय ते. चुलते मरू देत. त्यांच्या बायका कधी हसल्याच नाहीत, त्यांना काय कळणार!”

माझा जीव भांड्यात पडला. आता प्रश्न मिटला, असं मला वाटलं. सासूच हो म्हणते म्हटल्यावर कोण आडवं येणार?

एजेंनी म्हातारीचं बोलणं सगळं ऐकून घेतलं. मग त्या साकिशकडे वळल्या.

“तू सांग.”

साकिशचे डोळे भरून आले. सासूकडे बघत ती म्हणाली, “आई, तुम्ही म्हणता ते खरंय. पण तोंड माझं आहे.”

म्हातारी काठीवर हनुवटी टेकून उभी राहिली. तिला राग येईल असं मला वाटलं. पण ती म्हणाली, “तेही खरंय.” आणि मग थोड्या वेळाने एजेंना विचारलं, “कापलेल्या तुकड्याचं काय करता तुम्ही लोक?”

“टाकून देतो, आपा.” म्हाताऱ्या बायकांना तिथे आपा, म्हणजे आई म्हणत.

“टाकणार असाल तर मला द्या.”

एजेंनी पुन्हा साकिशकडे बघितलं. तिने डोळे पुसले. “आईंनी एकटीने बघितलं तर चालेल मला.”

मी जीपमधून कात्री आणली. आयुष्यात इतक्या जड हाताने मी काही कापलं नसेल. म्हातारीने ती फीत दोन्ही हातांनी घेतली आणि तंबूच्या दारात उभं राहून उन्हाकडे धरली. नखाएवढी चित्रं. एकामागून एक ती सरकवत होती.

“शिंगरू छान आलंय,” ती म्हणाली.

“आपा, चुलीपासून लांब ठेवा हं,” मी बजावलं. तसली फीत चटकन पेट घेते.

“माझ्या पेटीत ठेवीन. पेटीला कुणी हात लावत नाही.”

फ्रुंझला परतल्यावर निगेटिव्हमधूनही तेवढा भाग मीच काढला. ओर्मोनसाहेबांनी जे तोंड सोडलं ते दोन मजले खाली ऐकू गेलं. “एका विधवेसाठी? तुला वेड लागलंय का बुरुल?” एजे म्हणाल्या, “साहेब, ओरडून झालं की चहा मागवा, आम्ही सकाळपासून उपाशी आहोत.” चित्रपट मॉस्कोला गेला नाही. तालुक्यांच्या थेटरात लागला आणि उतरला. एजे पुन्हा धरणांवर गेल्या.

मला वाटलं होतं, त्या खचतील. तसं काही झालं नाही. त्यांचे यजमान कुबात शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचे. घरी स्वयंपाक तेच करत, आणि एजेंपेक्षा चांगला करत. संध्याकाळी ते शेवयांसाठी कणीक लाटत आणि एजे ओट्याशी बसून त्या दिवशीचं धरण किती कंटाळवाणं होतं याची नक्कल करून दाखवत. मी जेवायला असेच. पुढे एकदा साकिश त्यांच्याकडे चार दिवस राहून गेली. तिने एका ट्रकवाल्याशी पुन्हा संसार मांडला होता, सोबत गुबगुबीत मुलगी होती. कुबातच्या विनोदांना ती इतकी मोठ्याने हसायची, की शेजारचे भिंत ठोकायचे. मी एजेंकडे बघायचे. त्या मजेत खात असायच्या.

मग साहेब बदलले, वारं बदललं आणि एजेंना पुन्हा चित्रपट मिळाले. आठ-दहा तरी केले त्यांनी. कुरणावरचा तो चित्रपट कुठल्याशा समीक्षकाने उशिरा पाहिला आणि त्यावर लांबलचक लेख लिहिला. साकिश शिंगराकडे हात उचलते आणि एकदम मोकळी टेकडी येते, हा म्हणे दिग्दर्शिकेचा धाडसी प्रयोग होता. सिनेमाच्या शाळेतली मुलं-मुली तो तुकडा अभ्यासू लागली. एकदा त्यांचा एक घोळका एजेंच्या घरी आला.

“तिथे तुम्ही अचानक तोडलंत. त्यामागे काय विचार होता?” एका मुलीने विचारलं.

एजे म्हणाल्या, “तिथे एक बाई होती. तिला यायचं नव्हतं.”

मुलांनी ते लिहून घेतलं. मी स्वयंपाकघरात हसू दाबत होते. खरं सांगायचं तर मला अजूनही वाटतं, तो तुकडा राहायला हवा होता. हे मी त्यांना शेवटपर्यंत ऐकवलं. त्या म्हणायच्या, “तू कात्री आहेस म्हणून तुला कापलेलंच आठवतं.”

कुबात गेल्यावर त्यांचं फिरणं कमी झालं, नजरही अधू झाली. पण बाजारात त्या हट्टाने यायच्या. एका शरद ऋतूत आम्ही सफरचंदं घेऊन परतत होतो. कोपऱ्यावरच्या लहान थेटरात त्यांचा एक जुना चित्रपट लागला होता. दाराशी एक जाडी बाई स्वेटर विणत बसली होती.

“बघू या थोडा,” एजे म्हणाल्या.

विणणाऱ्या बाईने आम्हाला आपादमस्तक न्याहाळलं. “आजी, अर्धा संपलाय. आता बसून काय कळणार तुम्हाला?”

मी तोंड उघडलं. एजेंनी माझ्या दंडाला हलकेच चिमटा काढला.

“कळेल तेवढं बघते,” त्या म्हणाल्या.

“जा मग. गर्दी नाहीच. पण पायरी आहे हं, जपून.”

एजेंनी सफरचंदांची पिशवी माझ्या हातात दिली, डोक्याचा रुमाल सारखा केला, आणि एका हाताने भिंत चाचपत, दुसऱ्याने जाड पडदा बाजूला सारत त्या आत गेल्या.