रंगुबाईची वाघर

मी एक जुनी वाघर आहे. वाघर म्हणजे मेंढरांच्या भोवती लावायचं दोरीचं जाळं. मित्रांनो, आज मी वनखात्याच्या एका कोंदट खोलीत पडून आहे. अंगाला चिठ्ठी बांधलेली, वर लाखेचा शिक्का, जणू चोराचं गाठोडंच. असल्या जागेसाठी काही माझा जन्म झाला नव्हता.

मला विणलं नानासो मेंढक्यानं, वडूजकडच्या माळावर, बाभळीखाली बसून. गाठ अशी मारायचा की बोकड शिंगं अडकवून दमायचा, पण मी ढिम्म हलत नसे. दिवस कलला की मेखा ठोकून मला उभी करायचे आणि मेंढरं आत येऊन निवांत रवंथ करायची. नानासो देवाघरी गेला. मग त्याची बायको रंगुबाई आणि मुलगा मल्हार मला वागवू लागले.

त्या माळावर लांडग्याची एक मादी होती, फाटक्या कानाची. मला हुंगून ती मागं फिरायची, पण वर्षाकाठी चरायच्या रानातून एखादं कोकरू उचलायचीच. मल्हार चरफडायचा. रंगुबाई म्हणायची, "आरं, माळ तिचाबी हाय. तिचा वाटा तिनं न्हेला. वाटा देणाऱ्याची मेंढरं वाढत्यात."

आमचं वैर होतं खरं, पण ते रीतीतलं होतं.

मेंढक्यांची आणखी एक रीत आहे. मागणाऱ्याला वाघर नाही म्हणायची नाही. घात झाला तो इथंच. रंगुबाई बाजाराला गेली असताना जीपमधून अनोळखी माणसं आली. "ससं धरायचं हाय, गड्या. दुपारला आणून देतो," म्हणाली. मल्हारनं रीतीप्रमाणं मला काढून दिली.

कसले ससे आणि कसलं काय! त्यांनी मला घळीच्या तोंडाशी ताणली आणि कुत्री सोडली. फाटक्या कानाची ती जिवाच्या आकांतानं धावत आली ती माझ्यातच. तिची आचळं दुधानं भरली होती. ती जितकी झटे, तितकी मी आवळत जाई, कारण मला विणलंच होतं तसं. कातडं आणि नखं काढून ते लोक गेले. मला ओढ्यात खळबळून धुतली आणि हसतमुखानं परत दिली.

सांजेला मल्हारनं मला उभी केली, पण एकही मेंढरू आत येईना. हाकललं तरी फुरफुरत मागं सरायची. रंगुबाईनं मला नाकाशी धरलं; धुतलं तरी लांडगीच्या रक्ताचा आणि दुधाचा वास माझ्या दोरीतून गेला नव्हता.

"कुणाला दिल्तीस रं ही?"

मल्हारनं सगळं सांगितलं.

"तिची पिल्लं असत्याल घळीत. चल फॉरेस्टवाल्यांकडं. खरं काय ते सांग."

"आई, मलाच आत टाकत्याल."

"टाकू देत. पिल्लं उपाशी हायती."

मल्हार गेला. पोराचा एवढा मोठेपणा मी विसरणार नाही. फॉरेस्टवाले लगेच घळीत शिरले, पण जीपवाल्यांची कुत्री त्यांच्या आधी शिरून गेली होती; एकही पिल्लू उरलं नव्हतं. पुढं जीपवाले सापडले आणि मी पुरावा म्हणून इथं आले.

परवा खटल्याचा निकाल लागला. इथल्या साहेबांनी रंगुबाईला बोलावून घेतलं. "मावशी, तुमची वाघर न्या आता."

तिनं नानासोच्या गाठींवरून हात फिरवला.  वाटलं, नेते आता ही घरी.

"ऱ्हाऊ द्या हितंच, सायेब," ती म्हणाली. "माळावर आता राखायचं कुणापासनं?"

मित्रांनो, तुमच्याकडं कुणी काही मागायला आलं तर ते कशाला हवंय, एवढं आधी विचारा. मला नाही म्हणता येत नव्हतं. तुम्हाला येतं.