गुडघे टेकले की सुटका

नाकिमेराच्या घरात एक सोपा कायदा होता. मुलाचं चुकलं की त्यानं गुडघे टेकायचे, माफी मागायची आणि विषय संपला. आफ्रिकेतल्या बुगांडा प्रांतात बहुतेक घरांत हाच कायदा चालतो, त्यामुळे त्यात काही वावगं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. तिची नऊ वर्षांची नांतेझा तर यात इतकी तरबेज, की आईनं डोळे वटारायच्या आधीच पोरगी जमिनीवर!

त्या दुपारी नाकिमेरा जेवणासाठी कच्ची केळी सोलत होती. नांतेझा धापा टाकत आली आणि धपकन गुडघ्यांवर बसली.

“आई, चुकलं. माफ कर.”

“आता काय दिवे लावलेस?”

“मुकीसा सापडत नाहीये.”

नाकिमेरा सुरी टाकून उठली. मुकीसा, तिचा धाकटा मुलगा, जेमतेम तीन वर्षांचा. केळीच्या बागेखाली वीटवाल्यांनी माती उकरून केलेले खड्डे पावसानं काठोकाठ भरले होते.

“शंभरदा बजावलं होतं ना, त्याला सोडू नकोस म्हणून! कुठे गेला तो?”

“माहीत नाही. माफ कर ना, आई.”

शेजारचे पुरुष लांब काठ्या घेऊन खड्ड्यांकडे धावले. ते पाण्यात काठ्या खुपसताना दिसले आणि नाकिमेरानं हंबरडा फोडला. आरडाओरडा ऐकून तिची नणंद नामायंजा लगबगीनं आली. पोरींना वळण लावायचा मान तिकडे आत्याचा, तिथे आईचंही चालत नाही.

“ऊठ गं,” आत्या म्हणाली. “तुझे गुडघे नकोत मला. मनातल्या मनात मागे जा आणि बघ. तू काय करत होतीस?”

“दोरीवरच्या उड्या.”

“आणि मुकीसा?”

“माझा झगा ओढत होता. त्याला फणस हवा होता.”

“मग?”

नांतेझानं आईकडे पाहिलं. नाकिमेराचा हात उगारला गेला होता. आत्यानं तो धरून खाली केला.

“मी म्हटलं, एवढी हाव असेल तर जा एकटा कटेंडेकाकांच्या झाडाखाली. मग तो कुठे गेला ते मी बघितलंच नाही.” तिनं मान खाली घातली. “नाही, बघितलं होतं. तो रस्ता ओलांडत होता. मला खेळ सोडायचा नव्हता.”

शेजारच्या कटेंडेचं फणसाचं झाड खड्ड्यांच्या अगदी उलट्या बाजूला! नाकिमेरा धावत सुटली. मुकीसा झाडाखाली बसला होता, फणसाच्या चिकानं हात बरबटलेले आणि रडून रडून दमलेला.

त्याला उराशी धरलं आणि नाकिमेराचा जीव भांड्यात पडला. पण सवय कुठली जायला? “नांतेझा, आधी गुडघे टेक! माफी माग!”

“अगं, पुन्हा तेच?” आत्या कडाडली. “माफी तर तिनं केव्हाच मागितली होती. त्यानं पोर सापडलं का? ती स्वतःच्या मनात डोकावली तेव्हा सापडलं!”

“पण वन्सं, चूक केली तर शिक्षा नको?”

“‘मला खेळ सोडायचा नव्हता’ हे तिनं तुझ्यादेखत कबूल केलं, त्याहून मोठी शिक्षा कुठली? मनात डोकावायचं मुलं आपलं बघून शिकतात. आज तुझं काय चुकलं ते सांग तिला.”

नाकिमेराला राग आला. मग लाजही वाटली. संध्याकाळी जेवायला बसल्यावर ती कशीबशी म्हणाली, “तू धावत आलीस तेव्हा मी ओरडत सुटले. तुझं नीट ऐकून घ्यायला हवं होतं.”

नांतेझा घास चिवडत म्हणाली, “आई, तू ओरडली नसतीस तरी मी खरं सांगितलं नसतं.”

“का गं?”

“माफी मागितली की तू पुढचं विचारतच नाहीस.”

बंधुभगिनींनो, आपल्या घरातलं मूल चटकन माफी मागतं म्हणून आपण खूश होतो. पण ‘काय घडलं, मी तसं का वागलो?’ हे त्यानं स्वतःला विचारावं, म्हणून आपण कधी थांबतो का? हात खाली ठेवा, त्याला वेळ द्या, आणि आधी स्वतःची चूक त्याच्यासमोर बोलून दाखवा. मुकीसा फणसाखाली सापडला. प्रत्येक पोराचं नशीब तेवढं बलवत्तर नसतं.