मांडव चालला शाळेत

ही २०२१ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. त्या वर्षी लग्नाला पंचवीस माणसांची परवानगी होती, तीही दोन तासांत उरकायच्या बोलीवर. पनवेलच्या खाडीकाठच्या आगरी आळीत पंचवीस माणसं तर नुसती हळद कुटायला जमायची. तरी चंद्रावतीने नातीचं, मनस्वीचं लग्न काढलंच. दोनदा पुढे ढकललेलं लग्न तिसऱ्यांदा ढकललं, तर मनस्वीचा होणारा नवरा निकेश द्रोणागिरीच्या गोदामातून जेवणाच्या सुट्टीत येऊन मुलीला घेऊन जाईल, अशी धमकी त्याने फोनवर दिली होती.

चंद्रावती आळीची धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे विधी ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी गाऊन पार पाडायची. खाडीच्या कडेला मिठाचे ढीग उन्हात डोळे दिपवायचे, त्या दिवसांपासून ती गात आली होती. आता मिठागरांच्या जागी भराव आणि भरावावर इमारती. पण लग्नघरी शब्द अजून तिचाच चाले. आणि तिचा एक नियम आळीतल्या पोरासोरांना पाठ होता: एकदा हळद लागली की नवरीने मांडवाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं, तर हळद धुवायची आणि नवा मुहूर्त बघायचा.

सहा वर्षांपूर्वी हा नियम चंद्रावतीच्या धाकट्या जावेच्या, दमयंतीच्या लेकीला भोवला होता. रोशनी हळदीच्या अंगाने चार पावलं रस्त्यावर गेली. चंद्रावतीने धवला मध्येच तोडला, लग्न आठ दिवस पुढे गेलं, आणि चाळीस किलो मटण आळीला फुकट वाटावं लागलं. तेव्हापासून दमयंती मोठ्या जावेकडे पाण्याचा घोटसुद्धा घेत नव्हती. यायची मात्र रोज. ओट्यावर बसायची आणि नुसती बघायची.

मनस्वीची हळद खरं तर रविवारी संध्याकाळची होती. पण सकाळी चंद्रावतीचा मुलगा रामू टीव्हीपुढून ओरडला, "आये, वादल गोव्याशी आलाय! कालपेक्षा दुप्पट झालाय!"

"मंग वाट कनाची बगतंस?" चंद्रावती म्हणाली. "पावसात भिजाच्या आधी हलद उरकून घेऊ."

एवढंच चुकलं. दुपारी बारालाच मनस्वी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी झाली, आणि तीन वाजता तलाठीबाई दारात उभ्या राहिल्या.

तलाठीबाई म्हणजे प्राची. सव्वीस वर्षांची पोर, तोंडाला मास्क, हातात यादी. "आजी, वादळ फार झपाट्याने वाढतंय. खाडीकाठची पत्र्याची घरं रिकामी करायचीत. सगळ्यांनी शाळेत चला. कागदपत्रं आणि औषधं घ्या, बाकी काही नको."

तोवर आळीने बाकीचं सगळं घेतलं होतं. कोणाच्या डोक्यावर सुक्या बोंबलांचं पोतं, कोणाच्या काखेत मसाल्याची बरणी, एकाच्या पाठीवर तर फ्रीज.

"आमी येतंव," चंद्रावती म्हणाली, "पन नवरी येनार नाय."

"का?"

"हलद लागलीय."

प्राचीने यादीत पाहिलं. हळदीसाठी रकाना नव्हता. "आजी, छपराचे पत्रे उडतील हो!"

"उरूंदे. तिच्यासंगती मी बसन."

"आजी, मला नाय मरायचं," मनस्वी आतून म्हणाली. "आणि फोन पण चार्ज नाय."

ओट्यावरून दमयंती बोलली. सहा वर्षांत पहिल्यांदा. "बरोबर हाय जाऊबायचा. नियम म्हंजे नियम. माज्या पोरीला लागला, तो नातीला नको?"

नात घरात ठेवावी तर जिवाला धोका. बाहेर काढावी तर पंचेचाळीस वर्षांचा शब्द जावेच्या पायाशी पडणार. चंद्रावती उंबऱ्यात बसली. वारा मांडवाच्या झालरी ओरबाडत होता.

इतक्यात दाऊद मांडववाला टेम्पो घेऊन आला. "चाची, माफ करा, मांडव उतरवतो. ही वाऱ्यात टिकणारी गोष्ट नाही."

चंद्रावतीने मान वर केली. "दाऊद, मांडव म्हंजे काय रं?"

"म्हणजे... चार बांबू, वर कपडा."

"मंग चार बांबू नि वर कपरा उचला. नवरी मधी चालंल. शालेपर्यंत."

दाऊदने कपाळाला हात लावला. "या अल्ला! चाची, वाऱ्यात हा कपडा नाही, शीड आहे शीड! अब्बांच्या मचव्यावर पाहिलंय मी."

"लहान तुकरा घे."

"आणि उंबराची फांदी?" दमयंतीने ओट्यावरून विचारलं. "उंबराशिवाय मांडव व्हतो का?"

"फांदी पन घ्या!" चंद्रावती कडाडली.

अशी ती वरात निघाली. चार कोपऱ्यांना रामू, दाऊद, दाऊदचा मदतनीस आणि फ्रीज खाली ठेवून आलेला शेजारी. मध्ये पिवळीजर्द मनस्वी, हातात उंबराची फांदी. पुढे धवला गात चंद्रावती. मागे छत्री उलटी झालेली प्राची, आणि बाजूने, एकही पाऊल चुकू नये म्हणून नजर जमिनीवर रोवून चालणारी दमयंती.

"पोरी, आत सरक! टाच बायेर दिसतंय!"

"काकीआजी, तू माझ्या टाचेवर चित्रपट काढ!"

अर्ध्या वाटेवर, भरावाच्या मोकळ्या पट्ट्यावर, वाऱ्याने कपड्यात पोट भरलं. रामू अंगाने काडीसारखा. तो बांबूसकट वीतभर वर उचलला गेला. "आये, मी चाललो!" तो ओरडला. दाऊदने त्याची कंबर धरली, बांबू सुटला, बाकीचे तीन मागोमाग सुटले, आणि कपडा टरकन वर जाऊन पळस्प्याच्या दिशेने दिसेनासा झाला.

मनस्वी उघड्या आभाळाखाली उभी. पाऊस कोसळू लागला. हळदीचे ओघळ तिच्या कोपरांवरून गळू लागले. सगळ्यांनी चंद्रावतीकडे पाहिलं, आणि मग दमयंतीकडे.

चंद्रावतीने धवला थांबवला. जाऊ आता काय बोलणार, हे तिला ठाऊक होतं. जावेच्या जागी ती स्वतः तेच बोलली असती.

दमयंती पुढे आली. डोक्यावर पावसासाठी घेतलेलं निळं प्लॅस्टिक तिने काढलं, दोन्ही हातांनी मनस्वीवर धरलं आणि म्हणाली, "बगत काय रायलाव? बाकीचे कोपरे धरा कोनीतरी. हाच मांडव."

"दमे," चंद्रावती म्हणाली. "रोशनी त्या दिवशी रस्त्यावं गेलती, ती माज्यासाठी खुर्ची आनाला."

"म्हाईत हाय."

"मी बगितलाय तिला खुर्ची आनताना. तरी धवला तोरला. तू रोशनीच्या हलदीला पयला तुज्या म्हायेरच्या धवलारनीला इचारलास, मना नाय, तो राग व्हता."

"तो पन म्हाईत हाय. आता कोपरा धर, माजं हात दुकतान."

चंद्रावतीने कोपरा धरला. शाळेपर्यंत दोघी जावा भांडत गेल्या: चाळीस किलो मटणाचं आधी, मग म्हायेरच्या धवलारणीच्या बेसूर गळ्याचं. शाळेच्या ओट्यावर चढताना दमयंतीने चंद्रावतीच्या बाटलीतलं पाणी प्यायलं.

सोमवारभर वादळ खाडीवर घोंघावलं. चंद्रावतीच्या घराचे सहा पत्रे उडाले, त्यातला एक नवरीच्या खोलीवरचा. मंगळवारी निकेश मोटारसायकलवर पडलेली झाडं ओलांडत आला आणि शाळेच्या व्हरांड्यात लग्न लागलं. प्राचीने पंचवीस पाहुणे मोजले. उरलेल्या दीडशेंना तिने वादळग्रस्त म्हणून नोंदवलं. आळीतली लग्नं पूर्वी जशी मोठी असायची, तसंच हे झालं.

मनस्वीला पुढे मुलगी झाली. निकेश आता गोदामात सुपरवायझर आहे आणि जेवणाच्या सुट्टीत खरंच घरी येतो. प्राचीची बदली डोंगराकडच्या गावी झाली. दर गणपतीला तिचा फोन येतो. दाऊदने धंदा मुलाकडे, मुआजकडे दिला. तो लोखंडी सांगाड्याचे मांडव लावतो आणि वाऱ्याचं भाडं वेगळं घेतो. रामूने करंजाड्याला चौथ्या मजल्यावर घर घेतलं, पण खिडकी उघडायची म्हटली की कठडा घट्ट धरतो. रोशनीला चंद्रावतीने एक खुर्ची नेऊन दिली. रोशनीने ती गॅलरीत ठेवली आहे आणि त्यावर कपडे वाळत घालते.

दमयंती गेल्या वर्षी गेली. आजारपणात शेवटचे दोन महिने ती थोरल्या जावेच्याच हातचं खात होती, आणि प्रत्येक घासाला मीठ कमी म्हणत होती. चंद्रावती अजून लग्नाला जाते, गाते. नवरी मांडवाबाहेर गेली तर कोणीतरी घाबरून धवलारणीकडे बघतं. ती पुढचा धवला सुरू करते.