न गेलेला फ्यूज

मित्रांनो, मी एक जुना, चिनी मातीचा फ्यूज आहे. माझे काम एकच, वेळेवर जाणे. माझ्या पोटात केसासारखी बारीक तार असे. घरात पेलवणार नाही इतकी वीज खेचली गेली की ती वितळायची, घरात अंधार व्हायचा, पण भिंतीतल्या तारा वाचायच्या.

त्या घरात आत्या इस्त्रीचा धंदा करी. इस्त्री आणि गिझर एकदम चालू झाले की मी हमखास जात असे. मग ती मेनस्विच बंद करून मला काढी, नवी तार भरी आणि म्हणे, "गेलास का रे बाबा? जा, जा. तू आहेस म्हणून मी बिनघोर झोपते." असे कौतुक कोणाच्या वाट्याला येते?

पुढे तिच्या भाच्याने मागच्या खोलीत यंत्रे आणली. ती रात्रंदिवस गणिते सोडवून कुठलीशी न दिसणारी नाणी कमावत म्हणे. एकेक यंत्र इस्त्रीहून जास्त वीज खाई, आणि इस्त्रीला निदान दुपारची विश्रांती तरी होती. मी सारखा जाऊ लागलो. यंत्रे बंद पडत, भाचा वैतागे. भिंतीतल्या तारा जुन्या आहेत, त्यांना एवढा भार झेपायचा नाही, असे आत्याने त्याला परोपरीने सांगितले. त्याने ते हसण्यावारी नेले. एकदा ती बाहेर गेलेली पाहून त्याने माझ्या पोटात तांब्याची जाड तार पिळून बसवली.

"आता जाऊन दाखव," तो म्हणाला.

मला जाता येईना. मागच्या खोलीची तार आत्याच्या पलंगामागच्या भिंतीतून जात होती. ती भिंत कोमट लागू लागली. आत्याला वाटले, उन्हाने तापली असेल. ती शेजारणीला अभिमानाने सांगे, "पोरानं ऐकलं माझं. बघ, फ्यूज आता जात नाही." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखे होई.

एका दुपारी ती जरा आडवी झाली होती. भाचा बाहेर होता. भिंतीतली तार पेटली आणि गादी धुमसू लागली. मी जिवाच्या आकांताने वितळू पाहत होतो. शेजाऱ्यांनी दार तोडले, पण तोवर उशीर झाला होता.

मी गेलो नाही, मित्रांनो. आत्या गेली.

आता घरात नव्या तारा आहेत, माझ्या जागी भार वाढला की आपोआप पडणारे नवे स्विच आहेत. यंत्रे नाहीत. मी भाच्याच्या टेबलावर पडून असतो, त्या जाड तारेसकट. कधी नवा स्विच पडून अंधार होतो, तेव्हा तो चिडत नाही. चाचपडत एकेक बटण बंद करतो आणि हळूच म्हणतो, "गेलास का रे बाबा? जा, जा."

मित्रांनो, तुमच्या घरातला फ्यूज गेला, तर त्याला नावे ठेवू नका. त्याला जाऊ द्या.